ताण चढतो, पण उतरतो कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मनीषनगरात राहणारे 43 वर्षांचे एक गृहस्थ मिहान या उद्योगक्षेत्रातील एका कंपनीत हिशेबाचे काम पाहतात. पत्नी शाळेत शिक्षिका आहेत, मुलगी यंदा बारावीला आहे आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आई त्यांच्याकडेच असते. रात्री साडेअकराला झोप लागते, पण तीन-सव्वातीनला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोके चालूच राहते. दिवसा चिडचिड होते, मान आखडते, मध्येच छातीत धडधडते. हृदयाचा आलेख, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर हे सारे ठीक निघाले. रक्तदाब मात्र 138/88 आला. दोनदा योगवर्ग लावला आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत सुटला. रोजच्या धावपळीत जमतील अशा साध्या सवयी कोणत्या, असे त्यांनी विचारले आहे.

योगवर्ग सुटला याची टोचणी आधी मनातून काढून टाका. धरमपेठेतील माझ्या दवाखान्यात गेली 27 वर्षे तुमच्यासारखे रुग्ण येत आहेत, आणि सुरुवातीची काही वर्षे मी त्यांच्याशी जे वागलो ते आठवले की आज थोडी लाजच वाटते. बारा सवयींचा एक छापील कागद मी प्रत्येकाच्या हातात देत असे. पहाटे उठा, प्राणायाम करा, पाऊण तास चाला, मोड आलेली कडधान्ये खा, रोजनिशी लिहा, असे त्यात बरेच काही होते. इतवारीत किराणा दुकान सांभाळणाऱ्या एक बाई महिनाभराने तो कागद चार घड्या करून परत घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवत म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आधीच काय कमी कामं होते का जी? हे बारा अजून वाढले." त्या बाईंचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. ज्याच्या दिवसात श्वास घ्यायलाही फट नाही, त्याला आणखी पाऊण तासाचे काम सांगणे म्हणजे ताणात भरच घालणे होय. तो कागद मी त्यानंतर छापला नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी शरीरात काय घडते ते थोडे पाहू, कारण पुढच्या साऱ्या सूचना त्यावरच उभ्या आहेत. धोका जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हा लहानसा भाग इशारा देतो. चेतातंतूंमार्फत तो मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि काही क्षणांत ॲड्रेनालिन हे संप्रेरक रक्तात येते. नाडी वाढते, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. त्यापाठोपाठ मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीमार्फत दुसरा, सावकाश चालणारा निरोप जातो आणि कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते. ते रक्तात साखर उपलब्ध ठेवते आणि शरीराला बराच वेळ सज्ज ठेवते. हान्स सेल्ये या संशोधकाने 1936 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की थंडी असो, जखम असो, अतिश्रम असोत किंवा एखादे विषारी द्रव्य असो, त्रास वेगळा असला तरी शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा सारखाच असतो. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की साहेबांची खरमरीत मेल, वर्धा रोडवरचा खोळंबा, मुलीच्या चाचणीतले गुण आणि आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च या चार गोष्टी मनाला वेगवेगळ्या वाटतात, शरीर मात्र त्या एकाच खात्यावर मांडते. तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, तेव्हा ही भाषा तुम्हाला पटेल.

या खात्यात नावे पडत राहणे थांबवता येत नाही. नोकरी आहे, संसार आहे, बारावी आहे, तोवर ताण चढणारच, आणि त्याचे चढणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. बिघाड होतो तो ताण न उतरल्यामुळे. सकाळी दहाचा ताण साडेदहाला उतरला नाही, त्यावर दुपारचा चढला, त्यावर संध्याकाळचा, आणि अंथरुणावर पडताना तिन्ही एकत्र असले, तर रात्री तीनला जाग येण्यात काहीच नवल नाही. त्यामुळे मी तुम्हाला ताण टाळण्याच्या सवयी सांगणार नाही. दिवसात आधीच असलेल्या काही जागा अशा आहेत की तिथे तो उतरवता येतो. त्या जागा तेवढ्या दाखवतो.

तुमच्या दिवसात अशी सर्वांत मोलाची जागा घराचा उंबरठा ही आहे, असे मला तुमचे वर्णन वाचून वाटले. ऑफिसातून निघताना कानाला फोन, गाडीत फोन, जिन्यात फोन, आणि दार उघडताच "अभ्यास झाला का?" अशी चौकशी, हे मी माझ्या रुग्णांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने तेच असणार. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात बाहेरून आलेला माणूस थेट आत येत नसे. अंगणात पाण्याचा हौद किंवा बादली असे, तो पाय धुई, चूळ भरी, घटकाभर ओसरीवर टेके, कोणीतरी गुळाचा खडा आणि पाणी आणून देई, आणि मगच घरातले विषय निघत. ही रीत स्वच्छतेसाठी होती हे खरे, पण बाहेरचा माणूस घरचा होण्यासाठी तिच्यात वेळही ठेवलेला होता. फ्लॅटमध्ये ओसरी नाही, तरी न्हाणीघर आहे.

महाल भागातील एका मध्यमवयीन शिक्षकांना मी काही वर्षांपूर्वी एवढेच करायला सांगितले होते. घरी आल्यावर त्यांनी फोन चपलांच्या कपाटावर पालथा ठेवायचा, हातपाय-तोंड गार पाण्याने धुवायचे, बाहेरचे कपडे बदलायचे आणि गॅलरीतल्या तुळशीला व मोगऱ्याला पाणी घालून होईपर्यंत कोणीही त्यांना काही विचारायचे नाही. घरच्यांना आधी हसू आले. त्यांचा धाकटा मुलगा तर पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून बसत असे आणि "बाबा, सात मिनिटं झाले" असे ओरडत असे. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा त्यांनी झोपेबद्दल किंवा रक्तदाबाबद्दल काही सांगितले नाही. संध्याकाळी घरात आवाज चढणे कमी झाले आहे, एवढेच सांगितले. झोप त्यानंतर महिन्याभराने सुधारली. हा क्रम मला वारंवार दिसतो. रक्तदाब आणि झोप सावकाश वळणावर येतात, आणि त्यांच्याआधी बदलतो तो आपला सूर, तो आपल्याआधी घरच्यांना कळतो.

दुसरी जागा श्वासाची आहे. याबद्दल इतके बोलले जाते की तुम्ही ते वाचून पुढे जाल अशी मला भीती आहे, म्हणून केवळ कारण सांगतो. श्वास आत घेताना नाडी किंचित वेगवान होते आणि सोडताना मंदावते. सोडण्याच्या वेळी व्हेगस नावाच्या लांब चेतातंतूचा हृदयावरचा लगाम आवळला जातो. मनगटावर बोटे ठेवून सावकाश श्वास घेतला तर अनेकांना हा फरक स्वतःलाच जाणवतो. त्यामुळे खोल श्वास घेण्यावर भर देण्याची गरज नाही, लांब सोडण्यावर द्यावा. चार आकडे मोजत नाकाने आत घ्या, सहा आकडे मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. छत्रपती चौकात किंवा अजनी चौकात लाल दिव्यावर थांबावे लागले, तर तेवढ्या वेळात असे सात-आठ श्वास सहज होतात. तिथे समोरच्याला हॉर्न वाजवून काही साधत नाही, हे आपल्याला ठाऊक असतेच. मात्र गाडी चालू असताना डोळे मिटू नका, आणि मोजताना चक्कर आल्यासारखे वाटले तर आकडे कमी करा. जोराने श्वास घेतल्यास बधिरपणा व गरगरणे वाढते आणि घाबरट माणूस आणखी घाबरतो.

चालण्याविषयी सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते. हा आकडा ऐकून लोक अंबाझरी तलावावर रोज पहाटे जाण्याचा संकल्प करतात आणि सुटीच्या दिवशी तिथे जाऊन येताना तर्री पोहे व जिलेबी खातात. माझा तर्री पोह्यांना विरोध नाही, चार मित्रांबरोबर ठेल्यापाशी उभे राहून हसत खाल्लेले पोहे हेही ताण उतरवण्याचेच साधन आहे. पण रोजची सवय म्हणून मी शतपावलीला अधिक मानतो. जेवणानंतरची दहा मिनिटे, दुपारी ऑफिसच्या आवारात सावली धरून आणि रात्री सोसायटीत, एवढ्याने रोजची वीस मिनिटे भरतात, जेवणानंतर चढणारी साखरही आटोक्यात राहते आणि ताठ झालेल्या मानेला हलण्याचे निमित्त मिळते. ॲड्रेनालिनने स्नायूंना पळण्यासाठी तयार केलेले असते. ते अजिबात न हलता खुर्चीत बसून राहिले तर ती तयारी मानेत आणि खांद्यांत अडकून बसते. रात्रीच्या शतपावलीला पत्नीला बरोबर न्या, मात्र पैसे आणि बारावी हे दोन विषय तेवढ्यापुरते घरी ठेवून जा.

आता चहा. तुम्ही दिवसातून किती चहा घेता ते लिहिलेले नाही, पण हिशेब विभागात मार्चअखेरीस पाच-सहा होत असतील असे धरून चालतो. एका कप चहात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसभरात शीण साठवत जाऊन झोप आणणारे ॲडिनोसिन नावाचे द्रव्य मेंदूत जिथे बसते, तिथे कॅफिन आधीच जाऊन बसते, म्हणून तरतरी वाटते. शरीरातील निम्मे कॅफिन बाहेर पडायला बहुतेकांना सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा ऐवज रात्री अकराला शरीरात असतो. त्यामुळे संख्या कमी करण्याआधी वेळ बदला. दुपारी तीननंतरचा चहा सोडा आणि त्या जागी लिंबूपाणी, ताक, उन्हाळ्यात पन्हे किंवा बेलाचे सरबत घ्या. चहा एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवस डोके दुखते, म्हणून एकेक कप कमी करावा.

चहाच्या सोबतीने नागपुरात जे येते त्याचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, "टेन्शनवर" म्हणून खाणारे सुशिक्षित लोक माझ्याकडे दर आठवड्याला येतात. तंबाखूतले निकोटिन घेतल्यावर बरे वाटते हे खोटे नाही, पण ती अस्वस्थता बहुतांशी आधीच्या खर्र्याचा अंमल उतरल्यामुळे आलेली असते. म्हणजे घाव घालणारा आणि मलम लावणारा एकच. खर्र्यातील सुपारी आणि तंबाखू दोन्ही तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरतात. तुम्ही खात नसाल तर हा परिच्छेद ऑफिसातल्या मित्रासाठी समजा. सोडण्यासाठी 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत मदत मिळते. रात्री झोपेसाठी एखादा पेग घेत असाल तर तेही स्पष्ट सांगतो की दारूने झोप लवकर लागते, पण तिचा अंमल ओसरू लागला की उत्तररात्रीची झोप तुटते, आणि तुमची जाग नेमकी त्याच वेळेची आहे.

आता तीन वाजता जाग येण्याकडे वळतो, कारण तुमचे मुख्य दुखणे ते आहे. झोप ही सुमारे दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी येते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये क्षणभर जाग येणे सर्वांनाच होते. आपण कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. उत्तररात्री झोप पातळ होते आणि दोन-तीनच्या सुमारास कॉर्टिसॉल सकाळच्या तयारीसाठी हळूहळू वाढू लागते. अशा वेळी आलेली जाग साधी असते. तिला आपण मोठी करतो ती घड्याळ पाहून. "तीन वाजले, साडेपाचला उठायचे, म्हणजे अडीच तास उरले" हा हिशेब मांडला की मेंदू कामाला लागला. त्यामुळे भिंतीवरचे घड्याळ झोपण्याच्या खोलीतून काढा, गजरासाठी साधे घड्याळ पाठमोरे ठेवा आणि फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लावा. अंदाजे वीस मिनिटे झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठा, मंद दिव्यात खुर्चीवर बसा, एखादा जुना दिवाळी अंक वाचा, आणि डोळे जड झाले की परत या. अंथरूण आणि काळजी यांची मेंदूत पडलेली गाठ अशानेच सुटते. यात पहिले आठ-दहा दिवस दिवसा पेंग येईल. ते सहन करा, पण दुपारी झोपून भरपाई करू नका, आणि उठण्याची वेळ रविवारीही बदलू नका.

रात्री दहाला, अंथरुणात न जाता, एका वहीत उद्याची कामे लिहून काढा. आजचा दिवस कसा गेला ते लिहायचे नाही. 2018 मध्ये अमेरिकेतील बेलर विद्यापीठात 57 तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढची कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे आधी झोप लागली. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये, पण माझ्या रुग्णांमध्ये मला या गोष्टीचा उपयोग दिसतो. कामे बारकाव्याने लिहा. "आईचे बघणे" असे न लिहिता "गुरुवारी अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घेणे" असे लिहा, कारण मेंदू मोघम गोष्टीची राखण सोडत नाही.

आपल्या शहरात झोपेचा विचार उन्हाळ्याला वगळून करता येत नाही. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते, आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की भिंती रात्री अकरालाही धग सोडत असतात. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, झोपेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची माझ्याकडे रांग लागते, आणि त्यातल्या निम्म्यांना ताण नसतो, खोली तापलेली असते. झोपण्याच्या तासभर आधी साध्या पाण्याने अंघोळ करा, कूलर लावताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे ओलसर हवा बाहेर जाईल, आणि मृगाच्या पावसानंतर हवा दमट झाली की कूलरच्या पाण्याचा मोह सोडून नुसता पंखा लावा. दिवसा पाणी कमी पडले तरी धडधड, डोकेदुखी आणि चिडचिड होते. ती लक्षणे आणि ताणाची लक्षणे इतकी सारखी असतात की उन्हाळ्यात मी आधी लघवीचा रंग विचारतो आणि मग ऑफिसबद्दल विचारतो.

सकाळबद्दल थोडक्यात: उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटे गॅलरीत किंवा गच्चीवर उजेडात थांबा आणि तोवर फोन पाहू नका. डोळ्यांवर पडणाऱ्या सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ लागते आणि रात्रीची झोप वेळेवर येण्याची तयारी तिथूनच सुरू होते.

हे सारे एकदम सुरू करू नका, नाहीतर माझा तो जुना कागद पुन्हा जिवंत होईल. पहिले दोन आठवडे फक्त उंबरठ्याची दहा मिनिटे आणि दुपारी तीननंतरचा चहा बंद, एवढेच करा. ते अंगवळणी पडले की घड्याळ आणि वही, आणि शेवटी शतपावली. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

रक्तदाबाबाबत. 138/88 हा आकडा सामान्य आणि उच्च यांच्या सीमेवरचा आहे. एका मोजणीवरून गोळी सुरू करू नये आणि दुर्लक्षही करू नये. सात दिवस घरी सकाळ-संध्याकाळ मोजा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर, आणि मोजताना कोणाशी बोलू नका. दोन-दोन वेळा मोजून लिहून ठेवा आणि ती वही तुमच्या डॉक्टरांना दाखवा. छातीत दाबल्यासारखे दुखले, घाम फुटला, दम लागला किंवा दुखणे डाव्या हातात वा जबड्यात गेले, तर तो ताण समजून घरी श्वास मोजत बसू नका, तडक रुग्णालयात जा. त्याचप्रमाणे दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, रडू येत असेल, किंवा जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी आला, तर सवयींवर विसंबू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि एम्स या दोन्ही ठिकाणी मनोविकार विभागाची बाह्यरुग्ण सेवा आहे.

एक प्रश्न मी तुम्हाला विचारत नाही, तो तुमच्या पत्नीला विचारायचा आहे, कारण त्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक असणे शक्य नाही. तुम्ही रात्री जोरात घोरता का, आणि घोरता घोरता मध्येच काही क्षण आवाज बंद पडून नंतर दचकल्यासारखा श्वास येतो का? तसे असेल तर ती झोपेतील श्वासरोधाची खूण असू शकते, सीमेवरचा रक्तदाब आणि तीनची जाग या दोन्हींचे मूळ तिथेही असू शकते, आणि मग वरच्या सवयी चालू ठेवूनही झोपेची तपासणी करून घ्यावी लागेल. त्यांचे उत्तर काय आले ते कळवा.